तिसऱ्या इंजिनाचा दांडा

लढाई संपून पन्नास वर्षं उलटली होती. गावाबाहेरच्या जुन्या लष्करी विमानतळावर तोवर शेळ्या चरायच्या, नाहीतर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्या भेगाळलेल्या धावपट्टीवर गचके खात शिकायच्या. मग ती जागा भाजीच्या घाऊक बाजारासाठी दिली गेली. काँक्रीट पडायच्या आधी संग्रहालयाच्या मॅडमनी बांधकामवाल्यांच्या मागे लागून चार रविवार मागून घेतले. लढाईच्या काळातलं जे जमिनीत असेल ते चार रविवारांत काढायचं, राहील ते कायमचं सिमेंटखाली.

मी तेव्हा जमीन-मोजणीच्या कार्यालयात मोजणीदार होते. खणायच्या जागेची आखणी करायला कुणीतरी हवं म्हणून मॅडमनी मला बोलावलं. टेप आणि खुंट्या घेऊन मी पोचले तेव्हा तिथे आधीच पंधरा-वीस हौशी मंडळी कुदळी-फावडी घेऊन उभी होती. त्यांचे पुढारी फिटरकाका. तंत्रशाळेत तीस वर्षं फिटिंग शिकवून निवृत्त झालेले, आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाची शेळीसुद्धा मान वर करायची. त्यांनी पहिल्याच दिवशी माझं नाव 'टेपताई' ठेवलं आणि ते शेवटपर्यंत चिकटलं.

आम्हाला हवा होता भंगाराचा खड्डा. सैन्य निघून गेलं तेव्हा जे नेण्यासारखं नव्हतं ते सगळं एका मोठ्या खड्ड्यात ढकलून वर माती लोटली, एवढं सगळ्यांना ऐकून माहीत होतं. मॅडमकडे एका जुन्या लष्करी नकाशाची प्रत होती, त्यात तो खड्डा दाखवलेला होता. मी टेप धरून जागा आखून दिली. सगळ्यांनी दोन रविवार घाम गाळला. निघालं काय, तर गंजलेले डबे, पट्ट्याची दोन बकलं, एक वाकडा चमचा आणि टोपलंभर खिळे. धातू शोधायचं यंत्र भाड्यानं आणलं होतं, ते त्या खिळ्यांपायी इतकं केकाटायचं की शेवटी काकांनी ते बंद करून गाडीत टाकलं.

दुसऱ्या रविवारी दुपारी मी घरी आले ती चिखलानं माखलेली आणि तोंड पाडून. आई स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारणीचं शिलाई मशीन उलटं करून बसली होती. आमच्या गल्लीतली निम्मी मशीनं आणि जवळजवळ सगळे पंखे आईच्या हाताखालून गेलेले. बाहत्तर वर्षांची होती, अंगानं किरकोळ, पण हातात पाना असला की तिच्याशी कुणी वाद घालत नसे.

"कुठे खणताय तुम्ही?" तिनं मान वर न करता विचारलं.

मी खिशातून नकाशा काढून टेबलावर पसरला. तिनं हात पुसले, चष्मा नाकावर चढवला आणि बराच वेळ बघत राहिली.

"इथे तर पेट्रोलची टाकी होती."

"नकाशात खड्डा आहे, आई."

"नकाशा सुरुवातीचा असेल. टाकी मागाहून बसवली. आणि पेट्रोलच्या टाकीशेजारी तेलकट भंगार कोण टाकेल? एक ठिणगी उडाली असती तर सगळे आकाशात, तेसुद्धा विमानाशिवाय."

बाहेरच्या खोलीतून आत्याचा आवाज आला, "अगं, तिला काय विचारतेस? ती तिथे होती किती दिवस? हाकललं होतं तिला तिथून!"

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडील गेल्यावरही ती आमच्याकडेच राहिली. आईच्या विमानतळावरच्या नोकरीचा विषय निघाला की ती हे एक वाक्य बोलायची आणि विषय संपायचा. लग्न ठरताना कुठून तरी तिच्या कानावर आलं होतं, ते तिनं पन्नास वर्षं जपून ठेवलं होतं. आई तिथे नक्की काय करत होती हेही आम्हाला धड माहीत नव्हतं. आत्या म्हणायची, चहा द्यायची. मीसुद्धा शाळेत मैत्रिणींना तेच सांगत आले होते. आईला विचारावं असं मला कधी वाटलंच नाही, आणि ते आठवलं की अजूनही कानशिलं तापतात.

आई नेहमी अशा वेळी गप्प राहायची. त्या दिवशी तिनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"चौदा महिने होते मी तिथे, वन्सं," ती शांतपणे म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "पुढच्या रविवारी मी येते."

तिसऱ्या रविवारी आई जाड बूट घालून, डोक्याला रुमाल बांधून माझ्याबरोबर निघाली. मैदानावर काकांनी तिला बघितलं आणि कुणाला तरी खुर्ची आणायला सांगितली. "बसा मावशी, सावलीत बसा. आमचं चालू द्या."

"बसायला नाही आले," आई म्हणाली. "विमानं बांधायच्या कड्या होत्या जमिनीत. एखादी उरलीय का?"

काकांनी बोट दाखवलं. गवतात एक होती, काँक्रीटमध्ये रुतलेली जाडजूड लोखंडी कडी. आम्ही सगळे पंधरा दिवस तिला ठेचकाळत होतो, पण ती कशाची, हे कुणाला ठाऊक नव्हतं. आईनं तिच्यावर बूट ठेवला, धावपट्टीकडे पाहिलं, मग लांबच्या टेकडीकडे पाहिलं आणि जागच्या जागी अर्धी वळली.

"इथून इंजिनशॉपचं दार साठ पावलं. दारापासून मागची भिंत बेचाळीस. भिंतीमागे उतार होता, तिथे खड्डा. बाद झालेला माल ढकलगाडीवरून तिकडे जायचा. इंजिन म्हणजे काय टोपली आहे का, लांब न्यायला? उतारावरून सोडायचं आणि खाली लोटायचं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "माझे गुडघे आता तसे राहिले नाहीत. तू चाल. तू माझ्यासारखीच चालतेस."

मी जन्मभर टेपनं आणि दुर्बिणीनं जमीन मोजलेली बाई, त्या दिवशी आईच्या पावलांनी मोजत निघाले. साठ पावलांवर काकांनी पहार मारली, ती खण्णकन वाजली. वीतभर मातीखाली सिमेंटची फरशी होती. मॅडम धावत आल्या. बेचाळीस पावलांवर फरशी संपली. पुढे जमीन सपाटच दिसत होती, पण मी पातळी धरून पाहिली तर खरोखरच हलकासा खोलगट भाग होता, मागाहून भरलेला.

दोन तास खणल्यावर मातीचा रंग बदलला. काळी, चिकट. आईनं चिमूटभर उचलून हुंगली.

"इंजिनाचं तेल," ती म्हणाली. "खणा."

मग माल निघायला लागला. आधी पिचलेले पत्रे, मग पिस्टन, मग एका कुजक्या खोक्यात ओळीनं ठेवलेले स्पार्क प्लग. फिटरकाका तर पोरासारखे उड्या मारत होते. प्रत्येक वस्तू हातात घेऊन ते आईपुढे धरायचे, आणि आई ती काय, कुठे बसते आणि कशामुळे बाद झाली हे सांगायची. मॅडम वहीत लिहून घेता घेता थकल्या. पाचव्या-सहाव्या वस्तूनंतर काकांनी 'मावशी' म्हणणं सोडलं आणि 'उस्ताद' म्हणायला सुरुवात केली.

दुपारी चहा प्यायला आम्ही दोघी ताडपत्रीखाली बसलो तेव्हा मी विचारलं, "आई, तू इथे काय करत होतीस?"

"तपासणी," ती म्हणाली. "दुरुस्त झालेली इंजिनं विमानावर चढायच्या आधी माझ्या बाकावर यायची. मी शिक्का मारला की पुढे जायची. एकोणीस वर्षांची होते."

"आणि मग हाकललं?"

तिनं कप खाली ठेवला. "एक इंजिन आलं. पंख्याचा दांडा, म्हणजे इंजिनातून बाहेर येतो आणि ज्यावर पंखा बसतो तो, मला बरा वाटेना. बोटाला काहीतरी लागलं. धुतला, रॉकेल चोपडलं, पुसून कोरडा केला आणि खडूची पूड फासली. भेग असली तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि खडूवर काळपट रेघ उमटते. उमटली. केसाएवढी. आमच्या शॉपच्या साहेबांना दाखवली तर म्हणाले, ओरखडा आहे. मी पुन्हा सगळं करून दाखवलं. परत उमटली. त्यांनी अंगठ्यानं खडू पुसून टाकला आणि विचारलं, आता कुठे आहे?"

"असं कसं म्हणाले?"

"त्यांचंही बरोबर होतं एका परीनं. विमानं कमी पडत होती, वरून रोज विचारणा व्हायची. त्यांना इंजिन हवं होतं आणि त्यावर माझा शिक्का हवा होता. मी म्हटलं, मी नाही मारणार. ते म्हणाले, दुसरी मारेल. तेव्हा मी हातोडी आणि खूण ठोकायचा टोकदार पंच उचलला आणि रेघेच्या या टोकाला एक ठोका दिला, त्या टोकाला एक. खडू पुसता येतो. पोलादात पडलेला खळगा कसा पुसणार?" ती किंचित हसली. "सरकारी मालाची नासधूस. त्याच दिवशी घरी."

मी विचारलं, "हे तू आत्याला का नाही सांगितलंस? आम्हाला का नाही?"

"काय सांगणार? नोकरी गेल्याचं मला फारसं वाटलं नव्हतं. वाटायचं ते वेगळंच." तिचा आवाज खाली आला. "मी गेल्यावर त्यांनी तो दांडा घासून, ठिपके काढून, इंजिन चढवलं तर नसेल? पंखा हवेत सुटला तर आत बसलेल्याचं काय होतं, तुला माहीत आहे? लढाई संपेपर्यंत मी रोज पेपर वाचायची. नंतरसुद्धा. माझं बरोबर होतं हे मला माहीत होतं गं. त्याचा उपयोग झाला का, एवढं कळलं नाही."

चौथ्या रविवारी सगळं गाव लोटल्यासारखं झालं. बांधकामवाल्यांनी आपण होऊन क्रेन पाठवली. आत्याही आली, छत्री आणि घडीची खुर्ची घेऊन. "चिखलात एवढं काय सोनं सापडतंय ते बघते," म्हणाली आणि खड्ड्याच्या काठावर पहिल्या रांगेत जाऊन बसली.

खड्ड्याच्या तळाशी तीन इंजिनं होती. माझ्याकडून आईची हकिगत सगळ्यांना कळली होती, त्यामुळे क्रेनची साखळी ताणली की गर्दी चिडीचूप व्हायची. काकांनी इंजिनांवरच्या नंबराच्या पितळी पाट्या शोधल्या, पण त्या कुणीतरी केव्हाच काढून नेल्या होत्या. आता ओळखायचं ते दांड्यावरूनच.

पहिलं इंजिन वर आलं. दांडा वाकलेला, पण साफ. आईनं बोट फिरवलं आणि नकारार्थी मान हलवली. दुसऱ्याला दांडाच नव्हता. मुळापासून काढून घेतलेला. आई त्या रिकाम्या भोकाकडे बघत राहिली. तिचा चेहरा मी पाहिला आणि वाटलं, हिला इथे आणलं ही चूकच झाली. आता राहिलेले दिवस ती ह्या भोकाचाच विचार करणार.

तिसरं इंजिन तोंडावर पडलेलं होतं. साखळी दोनदा सुटली. तिसऱ्या खेपेला ते वर आलं आणि लाकडी ओंडक्यांवर टेकवलं गेलं, तेव्हा दांड्यावर डांबरासारखं कडक झालेलं ग्रीस बोटभर जाड चढलेलं होतं. आत पोलाद असेल की नुसता गंज, काही कळत नव्हतं. फिटरकाका तारेचा ब्रश घेऊन पुढे सरसावले.

"ब्रश नको!" आई ओरडली. एवढा मोठा आवाज मी तिच्या तोंडून तोवर ऐकला नव्हता. "घासलंत तर रेघ बुजेल."

तीस वर्षं शिकवलेला माणूस, सगळ्यांदेखत ब्रश मागे लपवून म्हणाला, "चुकलो, उस्ताद."

आई गोणपाटावर गुडघे टेकून बसली. रॉकेल आणि चिंधी, बस. पाऊण तास ती ग्रीस मऊ करत होती, पुसत होती, पुन्हा मऊ करत होती. कुणालाही हात लावू दिला नाही. खालून पोलाद निघालं ते करडं, गुळगुळीत, ग्रीसनं जपून ठेवलेलं. ती पुसता पुसता दांड्याच्या मुळाशी आली आणि तिचा हात थांबला. डोळे तिनं आधीच मिटले होते. बोटाचं टोक जरासं पुढे गेलं, मग मागे आलं.

"आहेत," ती म्हणाली. "दोन्ही आहेत."

मी वाकून पाहिलं. ज्वारीच्या दाण्याएवढे दोन खळगे, मध्ये पेरभर अंतर. मधे मला काहीच दिसत नव्हतं.

"खडू," आई म्हणाली.

मॅडमनी खडू कुटून ठेवलाच होता. आईनं रॉकेल चोपडलं, वाट पाहिली, दांडा पुसून कोरडा केला आणि खडूची पूड कापसानं हलकेच थापली. दोन ठिपके पांढऱ्याखाली बुडाले. मग ती नुसती बसून राहिली. क्रेनवाल्यानं इंजिन बंद केलं. शंभरएक माणसं श्वास रोखून एका खडू फासलेल्या लोखंडाकडे बघत होती. असं दृश्य मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

रेघ उमटली. आधी कळलंच नाही, डोळ्यांना भास झाल्यासारखं वाटलं. मग ती गडद झाली, एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत, केसाएवढी.

फिटरकाकांनी दोन्ही हात डोक्याला लावले. लोक टाळ्या वाजवायला लागले, पण आईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती भिंग मागत होती. भिंगातून तिनं रेघेचं एक टोक पाहिलं, मग दुसरं, मग परत पहिलं.

"तेवढीच आहे," ती मला म्हणाली. "बघ, ठिपक्याच्या पुढे गेलेली नाही. हे इंजिन एक तास जरी चाललं असतं ना, तरी भेग वाढली असती. ठिपके ओलांडून गेली असती. चाललंच नाही हे. कुणी गेलं नाही याच्यावर बसून."

आणि मग माझी आई, जिला मी वडिलांच्या वेळीसुद्धा चारचौघांत रडताना पाहिलं नव्हतं, चिखलात बसून हमसून हमसून रडली. मी तिला धरून बसले. मला रडूही येत होतं आणि इतका अभिमान वाटत होता की छातीत मावेना.

मागाहून इंजिनाची बाजू धुतली तेव्हा तिच्यावर तांबड्या रंगाची फुली निघाली, फिकट झालेली पण ठसठशीत. बाद झाल्याची खूण.

"कुणी मारली असेल?" मॅडमनी विचारलं.

आई डोळे पुसत विचार करत होती. "साहेबांनीच मारली असेल," ती म्हणाली. "फुलीचा अधिकार त्यांनाच होता. रागीट होते, पण मूर्ख नव्हते. मी गेल्यावर पुन्हा तपासलं असेल त्यांनी." थोडं थांबून म्हणाली, "बरं केलं."

आत्या मात्र खुर्चीतून हललीच नव्हती. छत्री कधीची मिटून मांडीवर घेतलेली. शेजारी उभ्या असलेल्या क्रेनवाल्यानं कौतुकानं विचारलं, "कोण हो त्या आजी?"

"माझी वहिनी आहे," आत्या म्हणाली. इतक्या ताठ मानेनं म्हणाली की जणू पंच मारताना हातोडी तिनंच धरली होती. मग आम्ही घरी आलो. दारात बसून चपला काढताना आत्या म्हणाली, "वहिनी, मला त्यातलं काय कळत होतं? लोक म्हणाले ते मी म्हटलं."

"असू द्या, वन्सं," आई म्हणाली. "चहा टाकते. घ्याल ना अर्धा कप?"

"मी टाकते," आत्या म्हणाली आणि खरोखरच उठली. त्या घरात आत्यानं आईसाठी चहा केल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही. साखर विसरली होती, पण आई सगळा प्यायली.

पुढच्या आठवड्यात मैदानावर काँक्रीट पडलं आणि तिसरं इंजिन संग्रहालयात गेलं. त्याच्यापुढे लावायच्या पाटीचा मजकूर मॅडमनी आईला वाचून दाखवला. त्यात होतं, 'एका महिला कामगाराच्या धाडसामुळे'.

आईनं त्यांना तिथेच थांबवलं. "कामगार नाही, तपासनीस. आणि धाडस वगैरे काढून टाका. भेग होती, म्हणून खूण केली, एवढं लिहा."

मॅडमनी तसंच लिहिलं. आत्या महिन्यातून एकदा तरी कुणाला ना कुणाला घेऊन ती पाटी दाखवायला जायची आणि आईनं काढून टाकलेलं सगळं तोंडी भरून काढायची.

फिटरकाकांनी तंत्रशाळेच्या मुख्याध्यापकांना गाठलं. आईला एका तासासाठी बोलावलं, मुलांना भेगा कशा शोधायच्या ते दाखवायला. आदल्या दिवशी तिनं तीनदा विचारलं, "मी काय बोलणार गं त्यांच्यापुढे?" गेली, आणि त्या एका तासाचे दर मंगळवारचे दोन तास झाले, ते सहा वर्षं चालले. गुडघे अगदीच थकले तेव्हाच थांबली.

एका मंगळवारी मी कामावरून लवकर सुटले आणि तिला आणायला गेले. शाळेचा लांबलचक वऱ्हांडा, कापलेल्या लोखंडाचा वास, आतून कानसांचा आवाज. वर्ग कुठला ते मला माहीत नव्हतं. बाकावर बसलेल्या शिपायाला विचारलं, "भेगा शोधायचा तास कुठे चालतो?"

तो उठून उभा राहिला. "उस्तादांचा? या, मी दाखवतो." चालता चालता त्यानं मागे वळून विचारलं, "आपण त्यांच्या कोण?"

"मुलगी," मी म्हटलं. आणि ते मी जरा मोठ्यानंच म्हटलं, कारण वऱ्हांड्यातली चार-पाच मुलं वळून बघायला लागली.